लाँस ते ओसेर : एका हंगामाचे शेवटचे दहा दिवस

२६ मे २०२३, शुक्रवार

पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकातून सुटलेली वेगवान गाडी सव्वा तासाच्या आत लाँसला पोहोचली. नकाशात हे नाव पाहिले की आपण सहज 'लेन्स' असे वाचतो. इथली माणसे मात्र नाकातून 'लाँ' म्हणून शेवटी हलकासा 'स' लावतात. स्थानकाची इमारत कोळशाच्या इंजिनाच्या आकाराची आहे. लांबलचक बसके धड आणि एका टोकाला धुराड्यासारखा उंच घड्याळाचा मनोरा असे तिचे रूप आहे. पहिल्या महायुद्धात हे गाव अक्षरशः जमीनदोस्त झाले आणि १९२०च्या दशकात पुन्हा उभे राहिले. त्या वेळी इथल्या लोकांनी आपल्या गावाच्या दारात कोळशाच्या गाडीची आठवण बांधून ठेवली, हे पाहून आपण योग्य जागी आलो आहोत असे मला वाटले.

मी कोल्हापूरचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने वडिलांबरोबर पाहतच मी मोठा झालो, त्यामुळे पेठेने आपला संघ जिवापाड जपावा म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. माझा भाचा लिल शहरात शिकतो. या वर्षी लाँसचा फुटबॉल संघ फ्रान्सच्या अव्वल श्रेणीत, म्हणजे लीग-१ मध्ये, पॅरिस सँ-जर्मँचा पाठलाग करत आहे हे त्याने मला जानेवारीपासून दर आठवड्याला कळवले आणि एप्रिलमध्ये त्याने सरळच सांगितले, "मामा, शेवटच्या दोन फेऱ्या तुम्ही इथे येऊन पाहा." त्याच्या ओळखीच्या एका हंगामी पासधारकाच्या घरी आमची उतरण्याची सोय झाली. हे सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक असून त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही खाणीत होते. आजोबा १९२०च्या दशकात पोलंडमधून आले होते. घर जुन्या खाणवस्तीतले, विटांचे, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतले आहे. अशा रांगांना इथे 'कोराँ' म्हणतात.

आपल्याकडे आयपीएलमुळे हंगामाच्या शेवटी अंतिम सामना असणारच अशी सवय झाली आहे, म्हणून थोडे स्पष्ट करतो. इथे अंतिम सामना नसतो. या हंगामात वीस संघ, प्रत्येकाचे प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा परगावी असे ३८ सामने, विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक. सर्वांत वरचा तो विजेता. आज ३६ फेऱ्या संपलेल्या असताना पॅरिसचे ८४ आणि लाँसचे ७८ गुण आहेत. तिसऱ्या क्रमांकावरच्या मार्सेचे ७३ आहेत. पॅरिसला विजेतेपदासाठी दोन सामन्यांत एक गुण पुरेसा आहे; लाँसला उद्या जिंकून दुसरे स्थान, आणि त्याबरोबर वीस वर्षांनंतर चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, प्रवेश, निश्चित करता येईल.

संध्याकाळी मैदानाला बाहेरून फेरी घातली. बोलार्त-दलेलिस स्टेडियम १९३३ साली खुले झाले. बोलार्त हे खाण कंपनीचे अधिकारी होते आणि दलेलिस हे पुढच्या काळातले महापौर. मैदानाची क्षमता सुमारे अडतीस हजार आहे आणि गावाची लोकवस्ती त्याहून कमी. ही गोष्ट मी आधी वाचली होती, पण अरुंद गल्ल्यांमधून चालत असताना एकाएकी समोर ते चार प्रचंड सज्जे उभे ठाकल्यावर तिचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. मैदानालगतच्या एका रस्त्याला मार्क-विव्हियाँ फोए याचे नाव आहे. लाँसच्या १९९८ च्या लीगविजेत्या संघातला हा कॅमेरूनचा मध्यफळीतला खेळाडू २००३ साली देशासाठी खेळत असताना मैदानावरच कोसळला आणि गेला. त्या पाटीखाली मी काही क्षण उभा राहिलो.

२७ मे, शनिवार

सकाळपासून गाव लाल-पिवळे झालेले होते. या रंगांना इथे 'सांग ए ओर', म्हणजे रक्त आणि सोने, असे म्हणतात. बेकरीतल्या बाईंच्या गळ्यात संघाच्या रंगांचा गळपट्टा, औषधाच्या दुकानाच्या काचेत झेंडा, आणि दुपारी चारनंतर मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळलेल्या बटाट्यांच्या गाड्यांपुढे लांब रांगा. आमच्या घरमालकांनी मला त्यांचा जुना पट्टा दिला आणि तो कसा गुंडाळायचा हेही दाखवले. सामना रात्री नऊचा होता. उत्तर फ्रान्समध्ये मे महिन्याच्या अखेरीस पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पहिले सत्र चक्क संध्याकाळच्या उन्हात खेळले जाते.

आमच्या जागा मारेक सज्ज्याच्या समोरच्या बाजूला होत्या. बहुतेक मैदानांत सर्वांत कडवे समर्थक गोलच्या मागे बसतात. लाँसला मात्र ते मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या मारेक सज्ज्यात उभे असतात. त्यामुळे गाणे एका कोपऱ्यातून येत नाही, भिंतीसारखे समोरून येते. पाहुणा संघ आजाक्सियोचा होता. कॉर्सिका बेटावरचा हा संघ खालच्या श्रेणीत जाणार हे आधीच ठरलेले होते. लाँसने ३-० असा सामना जिंकला आणि निकालाविषयी कधी धाकधूक वाटली नाही. म्हणून गोलांचे वर्णन करण्यापेक्षा मला दोन वेगळ्या गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट मध्यंतरानंतरची. खेळाडू पुन्हा मैदानात येत असताना सारे प्रेक्षक पट्टे दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून उभे राहतात आणि खाणकामगारांच्या वस्तीवरचे, १९८२ सालचे एक गाणे गातात. ते गाणे क्लबसाठी लिहिलेले नाही. त्यात फुटबॉल नाही, प्रतिस्पर्ध्याला आव्हान नाही. आहे ते केवळ मातीखाली काम करणाऱ्या बापाचे आणि त्या घरांचे स्मरण. गाणाऱ्या गायकाचे २००५ साली निधन झाल्यापासून ते इथे नेमाने म्हटले जाते. माझ्या शेजारची जेमतेम पंचविशीतली मुलगी डोळे मिटून गात होती. या भागातला शेवटचा कोळसा वॉनीच्या खाणीतून २१ डिसेंबर १९९० रोजी वर आला, म्हणजे तिच्या जन्माच्या आधी. जी खाण तिने चालू स्थितीत कधी पाहिली नाही तिच्याविषयी ती इतक्या आतून गात होती, आणि तिच्या पलीकडे उभे असलेले आमचे घरमालक, ज्यांच्या वडिलांच्या छातीत त्या खाणीची धूळ होती, ते मात्र गात नव्हते. त्यांनी पट्टा ताणून धरला होता आणि ओठ घट्ट मिटले होते.

दुसरी गोष्ट स्त्रासबुर्गकडून आलेल्या बातमीची. त्याच वेळी पॅरिसचा संघ तिथे खेळत होता. उत्तरार्धात मेस्सीने गोल केल्याचे कळले, तेव्हा मैदानावर एक हलकी शांतता पसरली. मग सुमारे वीस मिनिटांनी गामेरोने स्त्रासबुर्गसाठी बरोबरी साधल्याचे कळले आणि सज्जे पुन्हा उसळले, जरी बरोबरीचा एक गुणसुद्धा पॅरिसला पुरणारा होता हे प्रत्येकाला ठाऊक होते. सामना १-१ असाच सुटला. पॅरिस सँ-जर्मँने आपले अकरावे विजेतेपद मिळवले आणि सर्वाधिक विजेतेपदांचा विक्रम केला. इथे कोणीही घरी गेले नाही. खेळाडू मारेक सज्ज्यासमोर आले, कर्णधार सेको फोफाना सर्वांत पुढे, आणि पुढचा बराच वेळ कोण कोणाला टाळ्या देत आहे हे सांगता येऊ नये असे ते दृश्य होते. कोराँच्या गल्लीत आम्ही परतलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि दारांपुढे खुर्च्या टाकून माणसे अजून बसलेली होती.

२८ मे, रविवार

पेंटेकोस्टचा सण. दुकाने बंद, रस्ते निवांत. आम्ही शेजारच्या लोस-आं-गोएल गावातल्या जुळ्या टेकड्यांवर गेलो. खाणीतून कोळशाबरोबर निघालेला दगड आणि माती वर्षानुवर्षे एकाच जागी टाकून झालेल्या या टेकड्या आहेत. युरोपात अशा प्रकारच्या याहून उंच टेकड्या नाहीत. काळ्या भुग्यातून वळणावळणाची वाट वर जाते, मधूनमधून बर्चची झाडे उगवली आहेत. २०१२ साली युनेस्कोने या साऱ्या खाणपट्ट्याचा जागतिक वारशात समावेश केला. माथ्यावरून बोलार्तचे मैदान स्पष्ट दिसते आणि त्याच्याभोवती विटांच्या घरांच्या रांगा.

वर बसून भाच्याने मला सारा हंगाम पहिल्यापासून सांगितला. त्यातले बरेच मी रात्री जागून पाहिलेले होते, पण ते मैदान डोळ्यांसमोर असताना पुन्हा ऐकण्यात वेगळे सुख होते. ७ ऑगस्टला ब्रेस्तविरुद्धचा पहिलाच सामना ३-२ असा जिंकला, फ्लोरियाँ सोतोकाचे तीन गोल. नोव्हेंबरमध्ये कतारच्या विश्वचषकासाठी स्पर्धा थांबली तेव्हा लाँस दुसऱ्या स्थानी होता. मग आला १ जानेवारीचा सामना. पॅरिस सँ-जर्मँ तोपर्यंत साऱ्या हंगामात एकदाही हरले नव्हते. विश्वचषक जिंकून आलेला मेस्सी सुट्टीवर होता आणि नेमार निलंबित, हे खरे. पण एम्बापे होता, आणि लाँसने ३-१ असे जिंकले. फ्रांकोव्स्की, ओपेंदा आणि क्लोद-मोरिस यांचे ते तीन गोल. अंतर चार गुणांवर आले आणि विजेतेपद हा शब्द लोक पहिल्यांदा मोठ्याने उच्चारू लागले.

त्यानंतरचे सहा आठवडे मात्र या हंगामाची खरी किंमत ठरवणारे होते असे माझे मत आहे. स्त्रासबुर्गशी २-२, त्र्वाशी १-१, घरच्या मैदानावर नीसकडून ०-१, ब्रेस्तशी १-१, लिआँकडून १-२. यातला एकही सामना लाँसला पेलवणार नाही असा नव्हता. गुणतक्त्याकडे पाहणारे लोक नेहमी मोठ्या सामन्यांची उजळणी करतात, पण विजेतेपद निसटते ते जानेवारीच्या अखेरीस त्र्वासारख्या तळाकडच्या संघाविरुद्ध टाकलेल्या दोन गुणांत. मार्चमध्ये संघ पुन्हा सावरला. क्लेरमाँला ४-० असे हरवताना लोइस ओपेंदाने पाच मिनिटांच्या आत तीन गोल केले. बेल्जियमच्या या आघाडीपटूचे आतापर्यंत वीसच्या आसपास गोल झाले आहेत, तरी मला या संघाचे मोठेपण मागच्या बाजूला दिसते. गोलरक्षक ब्रिस सांबा आणि त्याच्यापुढे ग्रादी, डान्सो आणि मेदिना ही तिघांची बचावफळी. संपूर्ण श्रेणीत सर्वांत कमी गोल लाँसने स्वीकारले आहेत. प्रशिक्षक फ्रांक एझ यांना २०२० साली राखीव संघाकडून बढती मिळाली तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. तिथून तीन वर्षांत ही उंची त्यांनी गाठली, आणि तीही पॅरिसच्या तुलनेत कैक पटींनी लहान अंदाजपत्रकात.

घरच्या मैदानावरचा हिशेब तर मी वहीत वेगळा लिहून घेतला. १९ सामने, १७ विजय, लिलशी एक बरोबरी, नीसकडून एक पराभव.

२९ मे, सोमवार

सणाची सुट्टी. लूव्र संग्रहालयाची लाँसमधली शाखा पाहिली. २०१२ साली खाण क्रमांक नऊच्या जागेवर उभी राहिलेली ही काचेची आणि ॲल्युमिनियमची बसकी इमारत मैदानापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथल्या पहारेकऱ्याने भाच्याच्या हातातला पट्टा पाहून परवाच्या सामन्याविषयी दहा मिनिटे बोलणे केले, आणि आम्ही प्राचीन मेसोपोटेमियाच्या मूर्तींसमोर उभे राहून केविन डान्सोच्या हेडरविषयी ऐकत राहिलो.

३० मे, मंगळवार

घरमालकांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला खाणपट्ट्यात फिरवले. प्रथम नो-ले-मीन. रेमाँ कोपा इथे १९३१ साली जन्मला. मूळ आडनाव कोपाशेव्स्की, पोलिश खाणकामगाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेला. खाणीतल्या अपघातात त्याने हाताचे बोट गमावले. पुढे तो रँसकडून आणि रेआल माद्रिदकडून खेळला आणि १९५८ साली बालाँ दॉरचा, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, मानकरी झाला. शेजारचा मोठा क्लब असूनही लाँसच्या संघात तो कधी खेळला नाही, याची हळहळ आमच्या घरमालकांच्या वडिलांनी आयुष्यभर केली. पोलिश वस्त्यांमधून मात्र लाँसला व्हिस्निएव्स्की, श्कुद्लाप्स्की, लेक असे खेळाडू मिळत राहिले. म्हणूनच या वर्षीच्या संघात पोलंडचा फ्रांकोव्स्की उजव्या बाजूने धावू लागला की वयस्क माणसे त्याचे नाव सराईतपणे, एकही अक्षर न चुकवता उच्चारतात.

नंतर मेरिकूर. १० मार्च १९०६ रोजी कुरिएर कंपनीच्या खाणींत जमिनीखाली स्फोट झाला आणि १,०९९ माणसे मेली. लाँसचा फुटबॉल क्लबही त्याच वर्षी स्थापन झाला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण इथल्या लोकांच्या बोलण्यात १९०६ हे साल आले की दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ येतात. परतताना लिएवँमध्ये थांबलो, जिथे १९७४ च्या डिसेंबरात, नाताळनंतर दोनच दिवसांनी, बेचाळीस कामगार खाणीत मरण पावले. आमचे घरमालक तेव्हा तरुण शिक्षक होते. त्यांच्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील त्यात होते, एवढेच त्यांनी सांगितले आणि गाडी सुरू केली.

३१ मे, बुधवार

आविओं गावातल्या क्लबच्या सराव केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. आत प्रवेश नव्हता. केंद्राचे नाव 'ला गायेत'. गायेत म्हणजे दगडी कोळशाचा ढेकळाएवढा तुकडा. याच केंद्रात फ्रान्सचा बचावपटू राफाएल वरान घडला. दुपारी सामानाची बांधाबांध केली. घरमालकांनी ओसेरला येण्यास नकार दिला. गुडघे दुखतात हे एक कारण त्यांनी सांगितले, आणि दुसरे असे, की ओसेरला ते एकदा जाऊन आले आहेत आणि ती आठवण त्यांना तशीच ठेवायची आहे. त्या आठवणीविषयी परवाच्या नोंदीत लिहीन.

१ जून, गुरुवार

पॅरिस. पार्क दे प्रँस मैदान बाहेरून पाहिले. शनिवारच्या विजेतेपद प्रदानाची तयारी चालू असावी. मोठमोठ्या गाड्या आत-बाहेर करत होत्या. मला मात्र तिथे १५ एप्रिलची रात्र आठवत होती. त्या दिवशी लाँस सहा गुणांनी मागे होता, म्हणजे जिंकला असता तर अंतर तीनवर येऊन शेवटच्या सात फेऱ्यांना वेगळेच वळण मिळाले असते. एकोणिसाव्या मिनिटाला लाँसच्या सालिस अब्दुल सामेदला लाल कार्ड मिळाले आणि दहा जणांचा संघ मध्यंतराआधीच तीन गोलांनी मागे पडला. एम्बापे, व्हितिन्या आणि मेस्सी. उत्तरार्धात फ्रांकोव्स्कीने पेनल्टीवर एक गोल परत केला. अंतर नऊ गुणांचे झाले. त्या रात्री कोल्हापुरात पहाटेपर्यंत मला झोप लागली नाही.

आणि तरीही, त्या पराभवानंतर लाँसने एकही सामना गमावलेला नाही, बरोबरीसुद्धा केलेली नाही. मोनाको, तुलूझ, मार्से, रँस, लोरियाँ, आजाक्सियो असे सलग सहा विजय. विजेतेपदाची आशा जवळपास संपल्यावर एखादा संघ कसा खेळतो, यावरून मी त्याची पारख करतो.

२ जून, शुक्रवार

बेर्सी स्थानकातून ओसेरला जाणारी साधी गाडी धरली. योन नदीकाठी उतरत्या टेकडीवर वसलेले हे बर्गंडीतले जुने गाव, वर गॉथिक कॅथेड्रल, आसपास शाब्लीच्या द्राक्षबागा. खाणपट्ट्याच्या अगदी उलट चित्र. मात्र फुटबॉलच्या बाबतीत दोन्ही गावे सख्खी भावंडे आहेत. इथला क्लब १९०५ साली देशां नावाच्या धर्मगुरूंनी काढला आणि मैदानाला त्यांचेच नाव आहे. गी रू यांनी १९६१ मध्ये प्रशिक्षकपद हाती घेतले, १९८० साली संघाला अव्वल श्रेणीत आणले आणि १९९६ साली लीग आणि फ्रेंच चषक दोन्ही जिंकून दाखवले. चाळीसेक हजार वस्तीच्या गावासाठी हे विलक्षण होते.

दुसऱ्यांच्या हंगामाचा शेवट याच मैदानावर व्हावा असाही काही योग दिसतो. २०१२ साली माँपेलिएने आपले एकमेव विजेतेपद इथे, ओसेरला २-१ असे हरवून निश्चित केले. आणि त्याआधी ९ मे १९९८ रोजी लाँसने. शेवटच्या दिवशी लाँस आणि मेत्झ यांच्यात चुरस होती. यजमान ओसेरने आधी गोल केला, उत्तरार्धात योआन लाशोर या तरुण बचावपटूने बरोबरी साधली, सामना १-१ सुटला. दोन्ही संघांचे ६८ गुण झाले आणि गोलफरकावर लाँस विजेता ठरला : लाँसचा २५, मेत्झचा २०. क्लबच्या साऱ्या इतिहासातले ते एकमेव विजेतेपद. प्रशिक्षक होते दानिएल लक्लेर्क, ज्यांना त्यांच्या लांब केसांमुळे 'द्रुइड', म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, म्हणत. आमचे घरमालक त्या दिवशी पाहुण्यांच्या सज्ज्यात होते. लाशोरचा गोल त्यांना प्रत्यक्षात दिसलाच नाही, पुढचा माणूस उठला म्हणून. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता होती तिच्यामुळे ते पुन्हा इथे का येत नाहीत हे मला उमगले.

संध्याकाळी नदीकाठी चालत मैदानापर्यंत गेलो. पाहुण्यांच्या भागातली तिकिटे आम्हाला मिळाली नव्हती. आमच्या जागा ओसेरच्या माणसांमध्ये होत्या.

३ जून, शनिवार

उद्याची नोंद लिहिण्याइतका उत्साह राहील की नाही कोण जाणे, म्हणून रात्री उशिरा खोलीत बसून सारे लिहीत आहे.

लाँसला या सामन्यातून मिळवण्यासारखे काही उरले नव्हते. ओसेरला सारेच वाचवायचे होते. आतापर्यंत वीस संघांच्या या श्रेणीतून तळाचे दोन संघ थेट खाली जात आणि अठराव्याला आणखी एक संधी मिळे. सतरावा सुरक्षित असे. पुढच्या वर्षी मात्र श्रेणी वीसवरून अठरा संघांची होणार म्हणून या एका हंगामापुरते चार संघ खाली जायचे होते. आजाक्सियो, त्र्वा आणि आँजे आधीच गेले होते. चौथी जागा ओसेर आणि नाँत यांच्यात ठरायची होती : ओसेर ३५, नाँत ३३. नाँतचा सामना घरी तळाच्या आँजेशी होता, त्यामुळे ओसेरने स्वतः जिंकणे हाच खात्रीचा मार्ग होता.

माझा पट्टा मी पिशवीत ठेवला. आमच्या पुढच्या रांगेत एक आजी, त्यांची मुलगी आणि आठ-नऊ वर्षांचा नातू असे तिघे होते. मुलाच्या गालावर निळा-पांढरा रंग होता. सुरुवातीला मैदानात इतका आवाज होता की अठरा-एकोणीस हजारांची ही छोटी जागा बोलार्तशी बरोबरी करते आहे असे वाटावे. लाँसचा खेळ मात्र सवयीप्रमाणे चालू राहिला. चेंडू हिसकावून घ्यायचा, दोन-तीन पासांत पुढे न्यायचा, बाजूने धाव काढायची. गरज नसतानाही त्यांनी कुठे अंग चोरले नाही. हंगामाची प्रतिष्ठा त्यातच होती, कारण त्यांनी सैल खेळून ओसेरला गुण दिले असते तर तो नाँतवर अन्याय झाला असता. नाँतकडून गोलाची बातमी आली तशी सज्ज्यातली गाणी तुटक होत गेली. लाँस ३-१ असा जिंकला. तिकडे नाँतने आँजेला १-० असे हरवले. नाँत ३६, ओसेर ३५.

भाच्याने फोनवर शेवटचा गुणतक्ता दाखवला. पॅरिस सँ-जर्मँ मेस्सीच्या या क्लबकडूनच्या शेवटच्या सामन्यात, आपल्याच घरी, क्लेरमाँकडून २-३ असे हरले होते. पॅरिस ८५, लाँस ८४. पंचवीस विजय, नऊ बरोबऱ्या, चार पराभव. इतके गुण लाँसने यापूर्वी कधीच मिळवले नव्हते. दूरच्या कोपऱ्यात लाल-पिवळे लोक गात होते आणि मला त्यांच्यात जावेसे वाटत होते, पण आमच्या रांगेतून बाहेर पडायला वाट नव्हती, कारण कोणी उठतच नव्हते. पुढच्या रांगेतला मुलगा आईच्या मांडीत तोंड खुपसून रडत होता. आजी मैदानाकडे पाहत त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

४ जून, रविवार

सकाळी स्थानकावर गाडीची वाट पाहताना भाच्याने लाँसला फोन लावून माझ्या हातात दिला. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मी ८५ आणि ८४ यांविषयी बोलू लागलो, नीसकडून झालेला तो पराभव, त्र्वाशी झालेली ती बरोबरी. घरमालकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, की ओसेरची माणसे कशी होती. २०१५ साली त्यांचा स्वतःचा संघ शेवटच्या क्रमांकावर राहून खाली गेला होता. बोलार्तचे काम चालू असल्यामुळे त्या वर्षीचे बहुतेक घरचे सामने आमिआँला झाले होते आणि आपल्या गावात बसून निरोप घेण्याचीही सोय नव्हती. त्यानंतरची पाच वर्षे ते दुसऱ्या श्रेणीतले सामने पाहायला जात राहिले.

मी म्हणालो, की सामना संपल्यावर बराच वेळ कोणी जागेवरून उठले नाही. त्यांनी "बिआँ", म्हणजे 'छान', एवढेच म्हटले, आणि माझा पट्टा मी कोल्हापूरला घेऊन जावा असे सांगून फोन ठेवला.